आपल्या रानाचा लाल रंग पानगळीत नाही, पालवीत शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी बोरिवलीला राहतो. तीन वर्षं दर रविवारी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या रस्त्याने चालायला जातो. पावसाळ्यात सगळं हिरवं, दिवाळीनंतर सगळं मातकट. अमेरिकेतली बहीण ऑक्टोबरात लाल-पिवळ्या झाडांचे फोटो पाठवते. आपल्या जंगलात असे रंग नसतातच का? आणि वर्षानुवर्षं त्याच रानात जाऊन तुम्हाला काय मिळतं?"

मी वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि गेली २७ वर्षं याच उद्यानात लोकांना झाडं दाखवत फिरते आहे, त्यामुळे प्रश्न वाचल्या वाचल्या लिहायला बसले.

रंग आहेत, भरपूर आहेत, पण तुम्ही ते भलत्याच महिन्यात शोधताय. बहिणीकडचं मेपल पान टाकताना लाल होतं. आपल्याकडची बरीच झाडं पान काढताना लाल होतात. मराठीत त्यासाठी सुंदर शब्दही आहे, चैत्रपालवी. आपण तो पाडव्याच्या शुभेच्छांमध्ये वाचतो आणि पुढे जातो. पण ज्याने कुणी हा शब्द पहिल्यांदा वापरला, त्याने चैत्रात रान डोळे भरून पाहिलं असणार.

आधी हे असं का होतं ते सांगते. बहिणीच्या गावी झाडांना थंडीची धास्ती असते. दिवस लहान होतात, रात्री गारठतात, झाड पानातलं हरितद्रव्य मोडून कामाची द्रव्यं खोडात ओढून घेतं. हिरव्याखाली दडलेला पिवळा रंग दिसू लागतो, काही झाडांत लाल रंगद्रव्यही नव्याने तयार होतं. थंडी सगळ्यांना एकदमच गाठते, म्हणून अख्खा डोंगर दोन-तीन आठवड्यांत पेटल्यासारखा दिसतो.

आपल्याकडे प्रश्न पाण्याचा. मुंबईच्या या टेकड्यांवर जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि पुढचे आठ महिने जवळपास कोरडे जातात. प्रत्येक पान हवेत पाणी सोडत असतं. मुळांना जेवढं मिळतं त्यापेक्षा पानं जास्त उधळायला लागली की झाड ती टाकतं. पण प्रत्येक झाडाचा हिशोब वेगळा. नाल्याकाठचं ऐनाचं झाड जानेवारीत हिरवंगार असतं आणि शंभर पावलांवर कातळाच्या खाचेत उभा असलेला दुसरा ऐन तोवर निम्मा बोडका झालेला असतो. सागाचं एक वेळापत्रक, सावरीचं दुसरं, कुसुमाचं तिसरं. म्हणून आपल्या रानात रंगांची जत्रा एका आठवड्यात भरत नाही. ती एकेका झाडाने, एकेका वळणावर, वर्षभर सुटी-सुटी भरते. ती पाहायची तर त्याच वाटेवर पुन्हा पुन्हा जावं लागतं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आलं.

आता कुसुमाचं सांगते, कारण यंदा तुम्ही एकच झाड पाहणार असाल तर ते कुसुम असू द्या. याला कोशिंब असंही म्हणतात. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चभर याची पालवी येते. एरवी हे झाड गर्दीत ओळखूही येत नाही. मग एका रविवारी तुम्ही वळणावरून जाता आणि तिथे हिरव्या-करड्या रानात एक झाड रक्तासारखं लाल होऊन उभं असतं. नवख्यांना ती फुलं वाटतात. माझ्याबरोबर आलेले निम्मे लोक तरी विचारतात, "हा गुलमोहर का?" नाही, ही पानंच आहेत.

जवळ जा. खालची एखादी फांदी हाताच्या उंचीवर आलेली असेल तर तोडू नका, नुसती पाहा. एका देठावर पर्णिकांच्या दोन ते चार जोड्या असतात, टोकाची जोडी सगळ्यात मोठी. पहिल्या दोन-तीन दिवसांत त्या इतक्या मऊ असतात की वाऱ्याने हलत नाहीत, लोंबतात, ओल्या रेशमासारख्या. रंग डाळिंबाच्या दाण्याचा. आठवड्याने जाल तर तोच रंग तांब्याच्या भांड्यासारखा झालेला असतो आणि शिरांच्या बाजूने हिरवा पाझरू लागलेला असतो. पुढच्या आठवड्यात पोपटी. त्यानंतर ते पुन्हा एक साधं हिरवं झाड. गंमत अशी, की एकाच झाडाची दक्षिणेकडची फांदी पोपटी असते तेव्हा उत्तरेकडची अजून लाल असते, आणि शेजारचं कुसुम अजून डोळेही उघडत नाही. मी एका मार्चमध्ये एकाच फांदीचा दर तिसऱ्या दिवशी फोटो काढला होता. ते दहा फोटो शेजारी ठेवले की दहा वेगळ्या झाडांचे वाटतात.

पाहायची एक युक्ती सांगते. पालवी नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूने पाहा, म्हणजे पान तुमच्या आणि उन्हाच्या मध्ये आलं पाहिजे. उजेड पानावर पडलेला पाहिला तर लाल रंग मंद दिसतो, पानातून आलेला पाहिला तर तो पेटतो. सकाळी साडेआठच्या आत हे करा.

हा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्याचा. कोवळ्या पानात हरितद्रव्य अजून पुरतं भरलेलं नसतं आणि मार्चचं ऊन तर कडक. तेव्हा हे द्रव्य कोवळ्या पेशींवर पडद्यासारखं काम करतं. पानं खाणाऱ्या किड्यांना लाल रंग नीट दिसत नाही, त्याचाही फायदा होत असावा असं मानतात. मला मात्र यात सगळ्यात जास्त थक्क करते ती वेळ. पाऊस यायला अजून तीन महिने असतात, जमीन भेगाळलेली, आणि झाड नेमकं तेव्हाच पानं काढतं! ते कसं? जुनी पानं टाकल्यावर पाण्याचा खर्च थांबतो, खोड खोलवरच्या ओलीतून हळूहळू भरून घेतं आणि दिवस मोठा होऊ लागला की कळ्या फुटतात. जूनमध्ये ढग येतात तेव्हा पानं जून, टणक, कामाला तयार असतात. किड्यांचा सुळसुळाट पहिल्या पावसानंतर होतो, तोवर कोवळेपण संपलेलं असतं.

कुसुमासोबतच पिंपळाची गुलाबी-तांबूस पानं पाहा. मोहाची पाहा. आंब्याची तांबूस पालवी तर तुम्ही लहानपणापासून पाहत आला आहात, तीही याच प्रकारची गोष्ट. करंज मात्र वेगळा. त्याची नवी पानं सरळ चकचकीत पोपटी येतात, तेल लावल्यासारखी.

आता पानगळीचे रंग. तेही आहेत हं. तुमच्या सोसायटीत बदाम असेल तर थंडीत त्याची लालभडक पानं अंगणात पडलेली तुम्ही पाहिली असतीलच. रानात हे काम कुंभा करतो. बुटकं, जाड, खवल्या-खवल्यांच्या सालीचं झाड, फांद्यांच्या टोकाला मोठ्या पानांचे झुबके. जानेवारीच्या सुमाराला ती पानं आधी कडेने आणि मग मधे गुलाबी-लाल होतात. वणव्यातून गेलेल्या उतारावरही कुंभा जगतो, कारण त्याची साल जाड असते. मार्च-एप्रिलमध्ये त्याला पुंकेसरांचा पांढरा-गुलाबी झुपका असलेली फुलं येतात. ती रात्री उमलतात आणि सकाळी झाडाखाली गळून पडलेली दिसतात. सकाळी लवकर जायचं हे आणखी एक कारण.

सागाबद्दल लोक फारसं चांगलं बोलत नाहीत, तपकिरी म्हणून सोडून देतात. ऑक्टोबरात सागाचं एक पान उचलून उजेडात धरा. पान खाणाऱ्या अळीने शिरांमधला सगळा गर खाल्लेला असतो आणि उरते ती नुसती जाळी, एखाद्या जुन्या शालीच्या काठासारखी. झाड यातून मरत नाही. आणि पावसाच्या सुरुवातीला सागाचं कोवळं पान खाली पडलेलं मिळालं तर तळहातावर चोळा. हात लाल होतो, मेंदी लावल्यासारखा. शाळेची मुलं घेऊन जाते तेव्हा हे केल्याशिवाय मला पुढे जाऊ देत नाहीत.

आणि कांडोळ. पानं गेल्यावर जे झाड सुंदर दिसतं ते हे. पांढुरकी, किंचित गुलाबी झाक असलेली साल, कागदासारखी पापुद्रे सुटलेली. चांदण्यात ते इतकं उजळ दिसतं की त्याला भुताचं झाड म्हणतात. पापुद्रा आपोआप सुटला असेल तिथे पाहिलंत तर आत हिरवी झाक दिसेल. पानं नसताना झाड या हिरव्या सालीतूनच थोडंफार अन्न तयार करत राहतं. त्याची फळं पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखी, लालसर मखमली असतात, पण त्या मखमलीला हात लावू नका. ती बारीक कुसळं असतात, बोटात घुसली की दिवसभर आग करतात.

फुलांबद्दल थोडक्यात, कारण ती तुम्ही पाहिली असणार. सावर, पळस, पांगारा ही लाल-केशरी मंडळी जानेवारी ते मार्च बोडक्या फांद्यांवर फुलतात. सावरीखाली पाच मिनिटं गप्प उभं राहा. वर भोरड्या, मैना, बुलबुल, कोतवाल यांचा कल्ला चाललेला असतो, आणि मधेच एक जड फूल 'थप्' करून पाचोळ्यात पडतं. त्या आवाजाने चितळं येतात. फुलं खायला मिळणार हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. एप्रिलमध्ये बहावा, आणि पाण्याच्या कडेने ताम्हण. आपलं राज्यपुष्प. ताम्हणीचं फूल उमलतं तेव्हा जांभळं-गुलाबी असतं आणि जुनं होता होता फिकट पडत जातं, म्हणून एकाच तुऱ्यात तुम्हाला तीन छटा मिळतात.

मे महिना लोक टाळतात. मी टाळत नाही. करवंदं काळी झालेली असतात, कुड्याचा वास वाटेवर रेंगाळतो, पाड्यांवरच्या वारली बायका शेवळं ही रानभाजी घेऊन बाजारात बसू लागतात. पावशा 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणत दिवसभर डोकं उठवतो. आणि महिन्याच्या शेवटी एक दिवस दाट झाडीतून दोन सुरांची स्वच्छ शीळ येते. तो नवरंग. दक्षिणेकडून प्रवास करून तो इथे घरटं करायला येतो. त्याची शीळ ऐकली की मी वहीत तारीख लिहिते आणि छत्री बाहेर काढते.

पावसाळ्याबद्दल तुम्ही लिहिलंय, "सगळं हिरवं". मला इथे थोडं भांडायचं आहे. रस्त्यावरून चालताना वर पाहाल तर हिरवंच दिसेल. खाली पाहा. जुलैत कुंपणावर, झुडपांवर कळलावी चढलेली असते. पानाच्या टोकाचीच तिने दोरी केलेली असते आणि त्या दोरीने ती धरून चढते. तिचं फूल उमलतं तेव्हा हिरवट-पिवळं असतं, मग पाकळ्यांची टोकं लाल होतात, मग लाल रंग खाली उतरत जातो आणि शेवटी अख्खं फूल लाल. एका वेलीवर हे सगळे टप्पे एकत्र असतात. (कंद विषारी आहे, मुलांना सांगून ठेवा.) भाद्रपदात तेरडा. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण आपण माणसांच्या चंचलपणाबद्दल वापरतो, पण तेरड्याने भरलेला उतार प्रत्यक्ष पाहिला की त्या तीन दिवसांची किंमत कळते. पिकलेली शेंग बोटांत अलगद धरा, ती फटकन उलगडून बिया उडवते. अंगात शिरशिरी येते प्रत्येक वेळी, अजूनही.

कारवीचं मात्र सविस्तर सांगायला हवं. उतारांवर खरखरीत पानांची, माणसाहून उंच झुडपं दाटीने उभी असतात ती कारवी. आदिवासी तिच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती करतात. ती सात वर्षं नुसती पानं काढते आणि आठव्या वर्षी एकदम फुलते. या उद्यानात मी ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुललेली पाहिली. ऑगस्टपासून पुढे काही आठवडे टेकड्या जांभळ्या होतात. फुलोऱ्याचा चिकट, उग्र वास कपड्यांना लागतो, मधमाश्यांचा आवाज इतका की शेजारच्याशी बोलताना आवाज चढवावा लागतो. मग ती झुडपं मरतात. पुढचं वर्ष तो उतार राखेच्या रंगाचा असतो, आणि लोक हळहळतात, "सगळं वाळून गेलं." पण वाळलेल्या बोंडांत बी असतं. पहिल्या पावसाचं पाणी लागलं की ती बोंडं तडकतात. २०१७ च्या जूनमध्ये मी अशा एका उतारावर उभी होते. सर आली, थांबली, आणि चारी बाजूंनी तड्, तड् असा आवाज सुरू झाला. पाच-सात मिनिटं काहीच हललं नाही, नुसता तो आवाज. आमच्यातल्या एका आजोबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी कुणाला काही समजावायला गेले नाही.

२०२४ साली तुम्ही जांभळी कारवी पाहिली असेल तर त्याच उतारावर परत जा. तिथे आता नवी रोपं उभी आहेत. ती दरवर्षी किती वाढली ते पाहत २०३२ पर्यंत जाता येईल.

ऑक्टोबरात गवत सोनेरी होतं आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना मोठ्या वनकोळ्यांची जाळी लागतात. मादी हाताच्या पंजाएवढी, नर तिच्या पायाच्या टोकाएवढा. तिरप्या उन्हात जाळं पाहिलंत तर धागा पिवळा, खरोखर सोन्यासारखा दिसतो. काठीने जाळं तोडू नका, वाकून खालून जा.

आता "काय मिळतं" याचं उरलेलं अर्धं. मी दोन गोष्टी करते, त्याच तुम्हाला सुचवते.

पहिली, एक जागा ठरवून घ्या आणि तिथे दर वेळी वीस मिनिटं बसा. माझी जागा एका ओढ्याजवळच्या सपाट दगडावर आहे. पहिली पाच मिनिटं तुम्ही आल्यामुळे सगळं गप्प असतं. मग पाचोळा बोलायला लागतो. सातभाई टोळीने उतरून पानं उलटतात. नारिंगी डोक्याचा कस्तूर चोचीने एकेक पान बाजूला फेकतो, अगदी पत्ते पिसल्यासारखा. सापसुरळी सळसळते तेव्हा आवाज सलग येतो, पक्षी असेल तर तुटक. काही महिन्यांत तुम्हाला न पाहता ओळखता येईल. हिवाळ्यात नशीब असेल तर स्वर्गीय नर्तक पांढरी शेपटी झुलवत पाण्यावर उतरतो. आणि वारा नसताना सागाचं पान गळतं, तेव्हा ते फांद्यांना आपटत आपटत खाली येईपर्यंतचा सगळा प्रवास ऐकू येतो.

या पाचोळ्याबद्दल एक मनापासूनची विनंती. जंगलाला लागून असलेल्या एका वसाहतीत मी काही वर्षं राहिले. तिथे दर रविवारी पानं झाडून जाळत. मी सांगून पाहिलं, लेखी दिलं, उपयोग झाला नाही. त्या ढिगात गांडुळं, कोशातली फुलपाखरं, सुरळ्यांची अंडी असतात हे पटवून द्यायला मी कमी पडले याची बोच आहे. तुमच्या सोसायटीत तुमचं ऐकत असतील तर पानं एका कोपऱ्यात कुजू द्या.

दुसरी गोष्ट, वही. चालायच्या वाटेवरची पाच झाडं निवडा: एक कुसुम, एक कुंभा, एक कांडोळ, एक सावर आणि पाचवं तुमच्या आवडीचं. दर रविवारी प्रत्येकापुढे चारच गोष्टी लिहा: जुनी पानं किती उरली, पालवी आली का, कळी-फूल, फळ. 'थोडं, निम्मं, भरपूर' एवढं पुरतं. फोटो काढत असाल तर ते असू द्या, पण लिहाच. लिहायचं म्हटलं की डोळे थांबतात. माझ्या जुन्या वह्यांमध्ये एकाच कुसुमाची पालवी वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या आठवड्यात आलेली आहे, आणि मागच्या वर्षाचं पान उलटून यंदाची वाट पाहण्यात जो आनंद आहे तो मला दुसऱ्या कशातून मिळालेला नाही.

सावधगिरीचं थोडं. हे बिबट्याचं घर आहे. वारली लोक वाघोबाला पूजतात ते उगीच नव्हे. अंधारात, पहाटे किंवा सांजेला एकट्याने आडवाटेला जाऊ नका, मुलांचा हात सोडू नका. डांबरी रस्ता सोडून शिळोंड्यासारख्या वाटांवर जायचं तर परवानगी आणि सोबत वाटाड्या हवाच. माकडांना खाऊ घालू नका. गडद हिरवे किंवा मातकट कपडे घाला आणि फोन खिशात ठेवा.

तुम्ही फेब्रुवारीच्या मध्यावर विचारलंय, ही वेळ फार चांगली आहे. येत्या रविवारी कान्हेरीच्या रस्त्याने जाताना जी झाडं जवळजवळ पानं टाकून बसली आहेत आणि ज्यांच्या फांद्यांच्या टोकांना गव्हाच्या दाण्याएवढ्या फुगीर, तपकिरी-लाल कळ्या दिसतील, त्यांच्या जागा लिहून ठेवा. मैलाचा दगड, वळण, पूल, जे जवळ असेल ते. त्यातलं एखादं तरी कुसुम निघेल. मग पुढचे चार रविवार चुकवू नका, आणि बहिणीला फोटो पाठवा.